करवत वर्गातली तिसरी नौका

आमच्याकडे काठ म्हणजे लुगड्याचा.
दुसरा काठ नाईक तलावाचा, शेवाळलेला,
तिथं जायची बंदी होती.

बाबा चौकड्यांच्या कागदावर नक्षी काढत,
एक चौकट म्हणजे एक धागा.
चुकलेले कागद माझे.
अशाच एका कागदावर निळीचं पाणी सांडलं
आणि सुकल्यावर पाहतो तर तीन आखातं,
एक सामुद्रधुनी,
आणि चहाच्या थेंबाचं बेट.
देशाचं नाव ठेवलं वरुंजा.
मला बारावं लागलं होतं
आणि वरुंजाला आरमार नव्हतं.

एक चौकट म्हणजे अर्धा मीटर.
पहिली विनाशिका एकशे चौदा मीटरची,
नाकाला करवती काठाचे दाते.
तेव्हा वाटायचं, लाट कापायला दात लागतात.

चाचणी मे महिन्यात, कूलरच्या टाकीत.
शेहेचाळीस अंश, वाळ्याचा वास,
पंपाच्या तोंडाशी भोवरा,
आणि त्यात डब्याच्या पत्र्याचं आरमार
गोल गोल गस्त घालतंय.
लाटा मोजायला मी पंप बंद केला की आतून आई,
"काहून बंद केला रे? शिजून राहिलो न आम्ही!"

पुढे मीटर रीडिंगची नोकरी लागली.
पाणबुड्या बिलांच्या पाठीवर झाल्या.
लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कुमुदला सगळं दाखवलं.
तिनं एकेक कागद उजेडाला धरून पाहिला,
लुगडं पारखतात तसा.
मग म्हणाली, "हे लोक झोपतात कुठं?"

तोफा होत्या, रडार होतं, दारूगोळ्याची कोठारं होती.
झोपायला जागा नव्हती.
एकशे अडुसष्ट माणसं
एकोणीस वर्षं उभी होती माझ्या जहाजात.

म्हणून तिसऱ्या नौकेत मी खाटा टाकल्या,
सगळ्या वरच्या मजल्यावर.
हवा लागावी.
उन्हाळ्यात माणूस गच्चीवरच झोपतो, हे मला इतकं ठाऊक होतं
की समुद्राला विचारायचं राहून गेलं.
भटारखानाही वरच, धूर जायला.
खलाशांची नावं माझ्या पाचपावलीच्या रस्त्यावरून घेतली,
तोफेवर हेडाऊ, इंजिनात बारापात्रे,
भटारखान्यात मोमीनपुऱ्याचा शकूर,
त्याच्या हातची तर्री सगळ्या आरमारात नावाजलेली.

मग सीताबर्डीच्या फुटपाथवर
नौकाबांधणीचं एक पुस्तक मिळालं,
पहिली वीस पानं नसलेलं.
एकविसाव्यावर तोल होता.
रात्रभर गुणाकार केले, सकाळी परत केले.
एकतीस अंश कलली
की करवत वर्गातली तिसरी नौका
परत उठत नाही.

सकाळी ड्यूटीवर गेलो.
हेडाऊ दारात दात घासत उभा.
मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो
की तो तोंडातला फेस थुंकून म्हणाला,
"का झालं साहेब? बिल लय आलं का?"
"नाही," म्हटलं, "बरा आहेस नं?"

मीच चौकशी समिती नेमली, मीच साक्ष दिली.
अहवाल साडेचार पानांचा.
दोषी एकच.
शिक्षा काय द्यावी यावर समितीत एकमत झालं नाही.

बाबांचा एक धागा चुकला
तर वीतभर विणलेलं उकलायचे, न बोलता.
मला वाटायचं, कोण पाहतंय?
लुगडं नेसणारी सुद्धा पाहणार नाही.

नौका गोदीत घेतली आहे.
खाटा एकेक करून खाली उतरवतोय,
कोठारं सरकवून, पंख्याला जागा करून.
एकशे बारा झाल्या. छप्पन्न उरल्या.
कुमुद जाता येता विचारते,
"शकूरची झाली का?"

शत्रू कोण, हे अजून ठरलेलं नाही.
टाकीत पाणी भरून ठेवलंय.